ज्वारीतली बोरमाळ

दुष्काळाची दोन वर्षं रेशनच्या लाल परदेशी ज्वारीच्या, मायलोच्या, भाकरी खाऊन आमचं घर अगदी विटलं होतं. ती भाकरी थापायला गेलं तर कडा फुटायच्या आणि खायला गेलं तर घशात अडकायची. पुढच्या साली पीक बरं आलं. सासऱ्यांनी मार्केट यार्डातून शाळू ज्वारीचं अख्खं पोतं हातगाडीवर घालून घरी आणलं, तेव्हा सासूबाईंनी दारातच त्या पोत्याला हळदकुंकू वाहिलं.

माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला, रविवारी तेवढा घरी यायचा. एरवी सोलापूरच्या त्या दोन खोल्यांत सासूबाई, मी आणि गिरणीच्या टाइम ऑफिसात नोकरी करणारे सासरे, अशी तीनच माणसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात ज्वारी चाळायला बसले. पोतं निम्मं झालं असेल. चाळणीत काहीतरी धप्पकन पडलं. मातीचं ढेकूळ असेल म्हणून फेकायला उचललं, तर हिरव्या खणाच्या चिंधीची पुरचुंडी होती. गाठ दातांनी सोडवली. आत बोरमाळ निघाली. सोन्याचे टपोरे मणी, काळ्या दोऱ्यात ओवलेले, उन्हात असे चमकले की मी घाबरून मूठच मिटली.

"आई, जरा बाहेर या."

सासूबाई आल्या, त्यांनी पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "आधी आत चल. दार लाव."

खोटं कशाला सांगू, दार लावल्यावर मी ती माळ गळ्यात घालून आरशात पाहिली. माझ्या अंगावर मंगळसूत्र सोडलं तर सोन्याचं काही नव्हतं. सासूबाईही दोन पावलं मागे सरकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "शोभते हो तुला." मग जरा थांबून, "पोत्याचे पैसे आपण मोजलेत. पोत्यात निघालं ते आपलं. चोरी थोडीच आहे?"

मला ते फार पटलं. पटायचंच होतं.

संध्याकाळी सासरे आले. सायकल भिंतीला टेकवायच्या आत सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं, आणि माळ आपली कशी होते तेही सांगितलं. सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोत्यात मेलेला उंदीर निघाला असता तर?" त्यांनी विचारलं. "तोही आपलाच म्हणाली असतीस का? तरातरा दुकानदाराकडे गेली असतीस."

"उंदराची गोष्ट वेगळी."

"बरं, मग वकिलांनाच विचारू."

शेजारच्या घरात एक म्हातारे वकील राहत. पोरं परगावी होती, म्हणून रोज संध्याकाळचा चहा आमच्याकडेच घ्यायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. माळ अजून माझ्या गळ्यातच होती; त्यांनी ती नुसती पाहिली, आणि कोर्टात बोलावं तसं घसा साफ करून बोलले.

"वहिनी, तुम्ही ज्वारी विकत घेतलीत. सोनं विकणाऱ्याने विकलंच नाही, तर तुम्ही विकत कसं घेतलंत? सापडलेल्या वस्तूचा माणूस मालक होत नाही, राखणदार होतो. खरा मालक सोडून बाकी सगळ्या जगाला तो नाही म्हणू शकतो. पण मालकाला नाही."

"आणि मालक आलाच नाही तर?" मी विचारलं.

"आधी त्याला शोधायला तर हवं. पोलिसात द्यायचं, पावती घ्यायची. ते जाहीर करतात, मुदत देतात. तेवढ्यात कुणी आलं नाही तर पुढचं सरकार ठरवेल."

"विकायचं म्हटलं तर?" सासूबाईंनी शेवटचा प्रयत्न केला.

"नासणारी वस्तू असेल तर विकायची मुभा आहे कायद्यात. पेरू सापडले असते तर विका म्हटलं असतं. सोनं काही नासत नाही, वहिनी."

सासूबाईंनासुद्धा हसू आलं. मी माळ काढून पुन्हा त्या चिंधीत बांधली. गळा एकदम हलका वाटला, आणि जरा वाईटही वाटलं.

सकाळी काका, सासरे आणि मी पोलीस चौकीत गेलो. मी जन्मात पहिल्यांदाच चौकीची पायरी चढत होते. टेबलामागच्या हवालदारांनी मान वर न करता विचारलं, "काय हरवलं?"

"हरवलं नाही, सापडलंय," मी म्हणाले.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आतल्या दोघांना हाक मारली, "अरे, इकडे या. ह्या बाई सापडलेलं द्यायला आल्यात!" ते दोघे येऊन मला बघून गेले. मग पंचनामा झाला, पेठेतल्या सराफाकडून वजन करून आणलं, पुरचुंडीला लाखेची मोहोर लागली आणि माझ्या सासरच्या नावाने मला पावती मिळाली.

निघताना काकांनी हवालदारांना एकच गोष्ट बजावली. "वस्तू काय आहे, ते कुणाला सांगू नका. ज्वारीत काहीतरी मौल्यवान सापडलं, एवढंच सांगा. काय ते मालकाने सांगू दे."

सासऱ्यांनी पोतं ज्याच्याकडून घेतलं त्या आडत्यालाही तेवढंच सांगितलं. माल दुधनीकडच्या गाड्यांमधून आलेला, कुणाचं पोतं ते त्याला आठवेना, पण गाडीवाल्यांच्या कानावर घालतो म्हणाला.

पुढचे पंधरा दिवस चौकीत नुसती गंमत चालली होती. रोज संध्याकाळी घरी जाता जाता हवालदार आमच्या दारात सायकल थांबवून बातमी द्यायचे. एका माणसाने आजोबांचं चांदीचं कडं सांगितलं. एकाने नथ सांगितली, पण कुणाची ते विचारल्यावर म्हणे, ठरवून सांगतो. एकाने तर हातातलं घड्याळ सांगितलं.

"मी विचारलं, ते चालू होतं का बंद? म्हणतो, चालू. इतके दिवस ज्वारीत, आणि चालू!" हवालदार इतके हसले की सायकल पडता पडता वाचली.

मग एका सकाळी हवालदार एका बाईला घेऊनच आले. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. अंगावर इरकली लुगडं, पायात धूळ. तिला पाणी दिलं तर तिने ते नुसतं हातात धरून ठेवलं.

"सांगा बाई, आम्हाला सांगितलं तेच ह्यांना सांगा," हवालदार म्हणाले.

"बोरमाळ हाय जी," ती म्हणाली. "माझ्या अव्वानं दिल्याली. हिरव्या खनात बांदली व्हती. धागा काळा, म्या सोताच ववलाय. आन एक मनी चेपल्याला हाय. थोरली लेक दात येताना माळ तोंडात घालायची की, तवा चेपला."

चेपलेला मणी मी पाहिला होता. गळ्यात घातली तेव्हा बोटाला लागला होता. मी सासूबाईंकडे पाहिलं, आणि त्या उठून आत भाकरी करायला गेल्या. पाहुणी जेवल्याशिवाय जाणार नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

जेवताना तिने सगळं सांगितलं. नवऱ्याला विहिरीवर इंजिन बसवायचं होतं आणि त्याचा डोळा बोरमाळेवर होता. तिने माळ माहेरी ठेवली म्हणून सांगितलं आणि ज्वारीच्या कणगीत तळाला दडवली. मग भावाच्या लग्नाला ती माहेरी गेली, आणि इकडे भाव बरा आला म्हणून नवऱ्याने कणगी रिकामी केली.

"परत आले तर कनगीत निसता भुसा. ताई, रडू बी येईना आन सांगता बी येईना. सांगावं तर खोटं उगडं पडतंय. मग गाडीवाला म्हनाला, सोलापुरात कुनाला तरी ज्वारीत काय तरी घावलंय. तशीच यष्टीत बसले. घरी सांगितलंय, सिद्देश्वराला जाऊन येते."

"मग दर्शन घेऊनच जा," सासूबाई म्हणाल्या. "तेवढं तरी खरं होऊ दे."

ती हसली, पहिल्यांदाच. मग जेवली.

माळ लगेच हातात मिळणार नव्हती. कोर्टाचा हुकूम लागणार होता, आणि काका म्हणाले, "नवऱ्याला सांगून टाक, बाई. कोर्टात लपवाछपवी नको." तिने मान हलवली खरी, पण ती सांगेल असं मला वाटलं नव्हतं.

महिनाभराने कोर्टात तारीख होती. ती आली, आणि तिच्या मागे पटका बांधलेला तिचा नवराही आला. त्याच्या हातात आमच्यासाठी पिशवीभर शेंगा होत्या. माळ कुठे सापडली ते मी सांगितलं, तिने माळेची खूण सांगितली. मोहोर फोडली, न्यायाधीशांनी चेपलेला मणी स्वतः पाहिला. मग त्यांनी तिच्या नवऱ्याला विचारलं, "तुमचं ह्या मालावर काही म्हणणं आहे?"

तो उभा राहिला. थोडा वेळ पटका नीट करत राहिला.

"न्हाय साहेब. तिच्या आईची हाय. तिचीच हाय."

काका पटकन उठले. "एवढं कागदावर यावं, अशी विनंती आहे."

आणि ते आलं. बाहेर व्हरांड्यात काकांनी हुकमाची नक्कल तिला वाचून दाखवली, माल अमक्या बाईच्या मालकीचा आहे असं. तिने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग माळ गळ्यात घातली आणि कागद त्या हिरव्या खणात बांधला.

"आमच्या गावात सोनं लई जनींकडं हाय," ती मला म्हणाली, "पर सरकारी कागद कुनाकडं न्हाय."

"म्हंजी आता मागायची सोयच न्हाय राहिली की," नवरा म्हणाला. रागाने नव्हे, जरा कौतुकानेच.

"हाय की. कोर्टात अर्ज करा."

व्हरांड्यातले दोन शिपाईसुद्धा हसले. निघताना तिने माळेतला एक मणी सोडवून मला द्यायचा हट्ट धरला. मी तिचे हात धरून ठेवले. शेवटी तिने माझ्या ओटीत शेंगाच घातल्या, आणि दोघं स्टँडच्या दिशेने निघाली. ती पुढे, तो मागे.

त्या संध्याकाळी काका चहाला आले. सासूबाईंनी कप ठेवला, शेंगा भाजून पुढ्यात ठेवल्या, आणि मग दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय हो भावजी, माझ्या पाटल्या काही हरवलेल्या नाहीत. माझ्या वडिलांनी घातलेल्या. पण असा कागद मला करून मिळेल का?"

काका हसायला लागले. सासरे हसले नाहीत. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि बायकोकडे पाहिलं.

"करून द्या हो," ते म्हणाले. "सही मी करतो."

पुढच्या रविवारी काकांनी लिहून आणलं. सासऱ्यांनी सही केली, साक्षीदार म्हणून माझ्या नवऱ्याने केली. सासूबाईंना वाचता येत होतं, पण अक्षर बारीक आहे म्हणून त्यांनी तो कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला, दोन वेळा.