सावजी पॉपकॉर्नवाल्या काकू

धंतोलीतल्या वाईनच्या दुकानात त्या काकूंनी स्टीलचा डबा उघडून काउंटरवर ठेवला. "सावजी मसाल्याचे पॉपकॉर्न आहेत गा, घरीच केले. यासंगं कोणती वाईन जमते?"

दुकानदारानं मूठभर खाल्ले. मागे मी उभा होतो, तर डबा माझ्यापुढेही आला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, तशा काकू खूश झाल्या. थोडा वाद घालून आम्ही गोडसर पांढरी वाईन ठरवली.

"पोरगा-सून फिराले गेले. आमचं लग्न झाल्यापासून घरात फक्त आम्ही दोघंच, असं आज पहिल्यांदाच."

दुकानदार सवयीनं बाटली वर्तमानपत्रात गुंडाळू लागला.

"काहून लपवून राहिला गा? घरच्याच नवऱ्यासंगं प्यायची आहे!"

बाटली तशीच, न गुंडाळता हातात धरून त्या भर रस्त्यातून निघाल्या. मी बायकोला फोन लावला. विचारलं, "घरी मका आहे का?"