हसता हसता

रविवारी दुपारी माझी पंधरा वर्षांची मुलगी मीरा लॅपटॉपवर कार्टून बघत खळखळून हसत होती. लहानपणी आम्ही दोघी मिळून कार्टून बघायचो, म्हणून मी सहज शेजारी जाऊन बसले. पडद्यावरचा नवरा बायकोच्या छातीवरून अचकटविचकट बोलत होता. मला बघताच मीराचं हसू विरलं. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे माझा एक स्तन काढावा लागला.

"आई, हे मोठ्यांचं कार्टून आहे. तू नको बघूस," असं म्हणत तिने घाईने लॅपटॉप मिटला. तिचे डोळे भरून आले होते.

'हे बघायचं तुझं वय नाही,' असं मी म्हणणार होते. पण ऑपरेशननंतर माझ्या जखमेची पट्टी तीच बदलायची. ते बघायचं तरी तिचं वय कुठे होतं?