धनकोडीअक्काचा लाल

कोडंबाक्कमच्या स्टुडिओत कपडे रंगवायचं काम धनकोडीअक्काचं. मी तिथलाच शिंपी. पांढरं कापड पडद्यावर डोळ्यांत खुपतं, म्हणून ती ते चहात बुडवायची आणि म्हणायची, "वेलायुधा, कॅमेऱ्याला दुधापेक्षा चहा पचतो बघ."

दिग्दर्शक सत्यशीलनचं तिच्याशिवाय पान हलत नसे. या माणसाला गोष्टीआधी रंग दिसायचे, हे मात्र खरं. त्या सिनेमात त्याने सगळ्यांना राखेच्या नि मातीच्या रंगांत कोंबलं. भिंतीवरचं लाल कॅलेंडरसुद्धा उतरवलं. लाल एकदाच येणार होता, शेवटी नायिका स्वतःच्या लग्नाची साडी जाळते तेव्हा. "तोवर बघणारा रंगाला भुकेला पाहिजे, अक्का," तो म्हणाला.

अक्काने नमुन्यासाठी आपली कूरै आणली, मांडवात नेसलेली साडी. "सवाशीण गेले तर हीच अंगावर घालायची, नवऱ्याला बजावून ठेवलंय. डाग पाडलास तर हात तोडीन," तिने त्याला हसत सुनावलं. त्या साडीबरहुकूम, जाळायच्या साध्या रेशमावर तिने तीनदा रंग चढवला. मला तर दोन्ही साड्या जुळ्या बहिणी वाटल्या. सत्यशीलनने कॅमेऱ्यातून पाहिलं नि नाक मुरडलं, "मेलेला लाल आहे हा."

शूटिंग संपलं, कूरै कागदात बांधून परत आली. आडी महिना लागला होता. या महिन्यात आमच्याकडे शुभकार्य नाही, आणि अक्का तर लग्नाच्या साडीची घडीही मोडत नसे. पुडकं तसंच पेटीत गेलं.

दिवाळीला सिनेमा लागला. दुपारच्या खेळाला आम्ही स्टुडिओतले सगळे गेलो. शेवटी पडदाभर लाल पसरला, लोकांचा श्वास अडकला. पदर पेटला तेव्हा काठाजवळ हिरव्या दोऱ्याचं रफू दिसलं. मांडवातल्या खिळ्याला अडकून साडी फाटली तेव्हा अक्काच्या आईने केलेलं. अक्का उभीच राहिली. "माझी आहे ती," एवढंच म्हणाली. मागून कोणीतरी ओरडलं, "ए बाई, खाली बस!"

दुसऱ्या दिवशी सत्यशीलन हात जोडून म्हणाला, "अक्का, असा रंग पुन्हा मिळाला नसता. कांचीपुरमची नवी घेऊन देतो."

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो. नाहीच म्हणाले असते."

केसाने गळा कापला मेल्याने! दिवसभर मी स्टुडिओत त्याच्या नावाने बोटं मोडत फिरलो. संध्याकाळी अक्काने मला घरी बोलावलं आणि पेटीतलं पुडकं पुढे ठेवलं. आत तिनेच रंगवलेली नक्कल होती, रफू नसलेला काठ आतल्या बाजूला नीट दुमडलेला.

"ही घडी तुझ्या हातची ना रे?"

सत्यशीलन साहेब म्हणाले होते, 'मी सांगतो अक्काला, तू फक्त नक्कल बांधून दे.' हे सगळं मला बोलायचं होतं. मी नुसती होकाराची मान हलवली.

"त्याला रंग हवा होता," अक्का म्हणाली. "तुला काय हवं होतं?"