वड्यांच्या कृतीमागचं पान

सत्तरच्या दशकात मंगळवार पेठेत आमच्या पाच घरांत मिळून एक मासिक यायचं. प्रत्येक घराला सहा दिवस. पाळ्यांची यादी मीच केली होती, म्हणून पक्षपात नको या विचाराने माझं घर शेवटी ठेवलं होतं.

कचेरीत दिवसभर आकडे जुळवून डोकं भणभणायचं. मासिकातल्या क्रमशः कादंबरीची बारा पानं असायची. मी रोज दोनच वाचायचो. तेवढ्याने डोकं निवायचं आणि मग मी घरच्यांशी नीट बोलायचो.

कादंबरीचा शेवटचा भाग आला. सहाव्या दिवशी पाहतो तर अखेरच्या पानाला चौकोनी खिडकी. शेजारच्या वहिनींनी मागच्या बाजूची वड्यांची कृती कात्रीने कापून घेतली होती. मी तसाच त्यांच्याकडे गेलो. कात्रण वहीत खळीने घट्ट चिकटवलेलं होतं. सोडवायला गेलो तर फाटायला लागलं.

"भावजी, माझ्या वड्या फाडू नगासा," वहिनी म्हणाल्या. "शेवट मी सांगते की. ती बाई माघारी येती. झालं."

"कशी येते? काय बोलते?"

"ते कोण ध्यानात ठेवतंय? यष्टीनं आली असंल. वडी खाऊन बघा."

वडी चांगली झाली होती, याचाच जास्त राग आला. जिची मी चार महिने वाट पाहिली, ती बाई एका वाक्यात परतली होती. त्या संध्याकाळी कचेरीतलं डोकं तसंच घेऊन जेवायला बसलो, आणि आमटी ठीक असूनही बायकोला मीठ कमी आहे म्हणालो.