परमुलखात घातलेलं गाऱ्हाणं

नवस मी माझ्या देवाला बोललो नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमचा ग्रामदेव राहिला कोकणात आणि मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात लाइन सुपरवायझर. माझ्या हाताखालचा फिलिपिनो ऑपरेटर ऑपरेशन थिएटरात होता आणि त्याच्या किल्ल्या माझ्या मुठीत होत्या. किल्ल्यांना एका पोरसवदा संताचं चित्र लटकवलेलं होतं. समोर जो दिसला त्यालाच म्हटलं, "बाबा रे, ह्याचा हात वाचव. तुझ्या दारात येऊन गाऱ्हाणं घालीन."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने सगळं सांगायचं. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मनातल्या मनात पुटपुटलेलं चालत नाही आणि काही लपवलेलं तर मुळीच चालत नाही.

हाताचं काय झालं तेही सांगतो. रोलरमध्ये पुठ्ठा अडकला होता. नियम असा की मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि मगच आत हात घालायचा. तो कुलूप आणायला निघाला तर मी खेकसलो, "यल्ला यल्ला, जल्दी! दो मिनट का काम है, ताला छोड!" माझं तोंड नेहमी डोक्याच्या आधी चालतं. त्याने आत हात घातला आणि पलीकडच्या माणसाने बटण दाबलं.

हात वाचला, दोन बोटं तेवढी वळेनाशी झाली. रिपोर्टमध्ये मात्र आलं की ऑपरेटर कुलूप लावायला विसरला. सेफ्टी ऑफिसरने मला विचारलं आणि मी "येस सर" म्हणून मोकळा झालो. घाबरलो, दुसरं काय! त्यानेही काही न बोलता सही केली. मग ऑफिसातून कळलं की निष्काळजीपणामुळे त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढणार नाही, महिनाअखेरीला त्याला घरी पाठवणार. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

नवसाचं मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "कुया, जाने से पहले चर्च चलते हैं." कुया म्हणजे त्यांच्यात दादा. रविवारी आम्ही निघालो. मी नवा शर्ट घातला आणि पिशवीत नारळ घेतला. देवाकडे रिकाम्या हाताने कसं जाणार? बसमध्ये मी त्याला "व्हय म्हाराजा" शिकवलं. आधी तो "होय माराचा" म्हणत होता. "मेल्या, नीट म्हण," असं तीन-चारदा ओरडलो तेव्हा कुठे जमलं.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने नारळ उलटासुलटा करून पाहिला. फोडायचा नाही, म्हणाला. मी शब्द दिला.

चर्चच्या आवारात एका कोपऱ्यात त्या संताचं छोटं स्थान होतं. मूर्तीकडे बघून मी चकितच झालो. मिसरूडही न फुटलेला पोरगा, छातीशी पुस्तक आणि हातात अगदी माडाच्या झावळीसारखी फांदी. "ये इतना छोटा, मरा कैसे?" मी विचारलं. माझ्या ऑपरेटरने सांगितलं की हा संत पाद्र्यांबरोबर दूरच्या बेटावर कामाला गेला होता. तिथे त्याला मारून समुद्रात टाकलं, परत घरी आलाच नाही. म्हणजे आमच्यासारखाच परमुलखात कामाला आलेला. मला गलबलून आलं.

चपला काढल्या, नारळ पायाशी ठेवला, हात जोडले. आजूबाजूला मेणबत्त्या लावणारी फिलिपिनो माणसं होती. म्हटलं, इथे आपली भाषा कुणाला कळणार आहे, घाल बिनधास्त.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," ऑपरेटर म्हणाला. बायका वळून बघू लागल्या.

"ह्या लेकराचो हात तू वाचवलंस..."

"व्हय म्हाराजा."

"कुलूप लावू नको म्हणान मीच सांगलंय..."

"व्हय म्हाराजा."

"चूक माजी, आणि नाव ह्येचा लागला..."

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी बाजूच्या दोन म्हाताऱ्याही आमेन म्हणाल्या. मी डोकं टेकवलं. पुढचं गाऱ्हाणं तसंच राहिलं.

बाहेर बाकावर बसलो. तो म्हणाला, "कुया, मैंने क्या-क्या बोला?" ज्याला तो एवढ्या भक्तीने हो म्हणाला होता, ते त्याला कळायला नको का? मी हिंदीत सगळं सांगितलं. तो वळेनाशी झालेली बोटं चोळत बसून राहिला. मग म्हणाला, "मुझे पता है. मैं वहीं था ना."

"फिर साइन क्यों किया?"

"तूने यस सर बोल दिया था. मेरी कौन सुनता?"

मी चपलांचे पट्टे लावू लागलो. तो म्हणाला, "संत को तो मराठी में बोल दिया. सेफ्टी ऑफिसर को इंग्लिश में कब बोलेगा?"

सोमवारी सकाळी सेफ्टी ऑफिसरच्या टेबलासमोर उभा राहिलो. नोकरी गेली तर मुलांच्या शाळेचं काय, हेच डोक्यात. सर, तो रिपोर्ट खोटा आहे, मी म्हटलं. ऑपरेटर कुलूप आणायला निघाला होता. मीच नको म्हटलं. एवढं बोलून माझं इंग्रजी संपलं. ऑफिसरने चष्मा काढला आणि विचारलं, हे खरं आहे का, दुसरं कुणी सांगेल?

दाराशी कोणीतरी उभं होतं. मी वळून पाहिलं नाही, पाहायची गरजच पडली नाही.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.