चाखेबुवांचे सात तुकडे

बिस्किटांच्या त्या कारखान्यात रोज सकाळी नऊला सात भट्ट्यांच्या घाण्यांचे सात नमुने एका छोट्या पांढऱ्या खोलीत यायचे. चाखेबुवांनी मान हलवल्याशिवाय एक पुडा बांधायची कुणाची छाती नव्हती. त्यांचं खरं नाव हजेरीच्या कागदापुरतं उरलं होतं. तीस वर्षं चाखून चाखून जीभ अशी तयार झालेली, की तुकडा तोंडात टाकून म्हणायचे, "तीन नंबरचा मिस्त्री आज घरी भांडून आलाय. मिठाचा हात बघा." आणि बरं का, तो खरंच भांडून आलेला असायचा.

गंमत म्हणजे चाखेबुवांना बिस्कीट मुळीच आवडत नसे. त्यांचा जीव अडकलेला बायकोच्या हातच्या परतलेल्या बटाट्यांत, कडेला जरा करपलेल्या.

मग रक्तातली साखर वाढली. पायाची बोटं बधिर व्हायला लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बिस्किटं बंद."

"बाई, मी ती खात नाही, तपासतो."

"पोटाला तो फरक कळत नाही हो. उद्या पाय गेला तर नऊच्या ठोक्याला खोलीत कोण जाणार?"

चाखेबुवांनी नामी युक्ती काढली. तुकडा चावायचा, चव घ्यायची, मोरीत थुंकायचा, चूळ भरायची. अन्न थुंकताना पहिले दोन दिवस त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी सवय झाली. पंधरवड्यात साखर उतरली. बायकोनं खुशीनं ताटात चमचाभर बटाटे वाढले. गडी हवेत.

आणि चार नंबरच्या भट्टीचा अख्खा माल दुकानांतून परत आला.

साहेबांनी त्यातलंच एक बिस्कीट बशीत ठेवलं. "घ्या. सांगा काय चुकलंय."

समोर साहेब, थुंकणार कुठे? बुवांनी गिळलं. क्षणभर काही नाही, मग घशात कडवट ओरखडा उठला. "खवट आहे. लोणी जुनं होतं."

"मग त्या दिवशी का नाही कळलं?"

"हे जिभेला कळत नाही साहेब. गिळल्यावर घशाला कळतं."

"आणि त्या दिवशी घसा कुठे होता?"

"डॉक्टरीणबाईंच्या ताब्यात," असं म्हणून त्यांनी सगळं कबूल केलं.

साहेब हसले नाहीत. "गिळणार असाल तर खोली तुमची. नाहीतर पॅकिंगला बसा. तिथे कुणी तुम्हाला खायला सांगणार नाही."

पॅकिंगला बसलं की पुडे बांधणाऱ्या चाळीस जणांतला एकेचाळिसावा. चाखेबुवा म्हणून हाक कोण मारणार? ते नव्वद अंशांच्या कोनात मान खाली घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी बायको त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. बरीच घासाघीस होऊन तोडगा निघाला. नखाएवढे सात तुकडे गिळायचे; त्या बदल्यात घरी भात बंद, बटाटे बंद. भट्ट्या थंड असतील त्या सुट्टीच्या दिवशी तेवढे चार चमचे बटाटे.

"म्हणजे आवडतं ते सोडायचं आणि नावडतं ते गिळायचं," बुवा परतताना पुटपुटले.

"नोकरी म्हणतात त्याला," बायको म्हणाली. "तीस वर्षांनी कळतंय का?"

सहा दिवस उकडलेला भोपळा खाऊन बुवांचा चेहराही तसाच झाला. सातव्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरात चार फेऱ्या झाल्या. दुपारी पान वाढलं. बटाटे कडेला करपलेले, वाफ निघतेय. घास उचलला तोच फोन.

"बुवा, तातडीची मागणी आलीय," साहेब सांगत होते. "सातही भट्ट्या पेटवल्यात. तासाभरात या."

बुवांनी घास ताटात ठेवला. बायकोनं खुंटीवरचा शर्ट काढून दिला. तिला माणूस ठाऊक होता.

त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "तू खा. माझ्यासमोर खा."

"अहो, मला घशाखाली उतरेल का?"

"उतरव. माझे सात तुकडे उतरतात ना."

तिनं एक फोड तोंडात घातली. बुवा तिच्या जबड्याकडे टक लावून बसले.

"मीठ?"

"कमी पडलंय," ती नजर चुकवत म्हणाली.

"नाही," ते शर्टाची बटणं लावत म्हणाले, "वासावरून बरोबर वाटतंय," आणि चपला घालून निघाले.