जनावराजवळ ठेवायची टोपी

काल, शनिवारी, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या नवऱ्याची टोपी एका मेलेल्या रानडुकरिणीच्या डोक्यावर चढवण्यात आली.

वेळ मी ठरवलेली नाही. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने केशरी आकड्यांत छापली आहे.

आज यशवंतला जाऊन एक वर्ष झालं. फोटोखाली लिहिलंय, "मिस यू काका! धिस वन इज फॉर यू."

डुकरिणीच्या तोंडात सिगरेट. तिच्या पाठीवर, यशवंतला काका म्हणणाऱ्या समीरचा बूट. मागे तिघे दात काढून उभे.
आणि तिची आचळं दुधाने भरलेली. म्हणजे झाडीत कुठेतरी पिल्लं होती. ती त्या चौघांपैकी एकालाही दिसली नाहीत. मला वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये बसून दिसली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यशवंत मूळचा आजऱ्याकडचा. जुरोंग आयलंडवर इंजिनिअर होता. रविवारी कॉजवेचा पूल ओलांडून, सीमेपलीकडच्या देशात, जोहोरला मिस्टर कोह यांच्या पाम इस्टेटवर जायचा. रानडुकरं तिथली कोवळी झाडं मुळासकट उपटतात. बंदूक कोह यांची, परवाना कोह यांचा. यशवंत फक्त माग काढायचा, वडिलांकडून शिकलेला. मांस कोह यांच्या घरी आणि शेजारी वाटलं जायचं. माझ्या स्वयंपाकघरात ते कधी आलं नाही.

समीरला हे सगळं यशवंतनेच शिकवलं. समीरचं सासर जोहोरचं, आता राहतोही तिथेच, त्याच्याकडे रीतसर परवाना आहे. तेव्हा कायद्याने काल काहीच चुकलं नाही, हे मीच आधी सांगून टाकते. कायदा बुटाबद्दल काही म्हणत नाही.

आपल्या मंडळाच्या गणपतीत मला किती जणींनी विचारलंय, "अहो, तुमचे मिस्टर मुके प्राणी मारतात ना?"
दरवर्षी मी मोदकाचं ताट हातात धरून भांडले. सांगितलं की तो पिल्लांच्या आईवर कधी नेम धरू देत नाही. सांगितलं की जायबंदी जनावर टाकून तो घरी येत नाही.

एकदा माझ्या भाचीचं रिसेप्शन बुडालं त्यापायी. मी कांजीवरम नेसून तयार, आणि हा दुसऱ्या दिवशी सकाळी उगवला. पायांना जळवा, शर्ट फाटलेला.
"डुकरासाठी?" मी किंचाळले.
"डुकरासाठीच," तो म्हणाला. "पोटात लागली होती त्याच्या. तसं सोडून जेवायला कसं बसू?"
दोन दिवस मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्याच जणींना अभिमानाने हीच गोष्ट सांगितली.

आणि जनावर पडलं की तो टोपी काढायचा. त्याच्याजवळ जमिनीवर ठेवायचा. थोडा वेळ कोणी बोलायचं नाही, हसायचं नाही. मग पुढचं काम.
ती टोपी मी त्याच्या तेराव्याला समीरला दिली. माझ्या हाताने.

काल रात्री समीरला फोन केला.

"अहो काकू, ट्रिब्यूट होता तो!"
"कोणाला? डुकरिणीला?"
"काका नेहमी टोपी जनावराजवळ ठेवायचे ना, म्हणून आम्ही..."
"जवळ, समीर. वर नाही."
"काकू, एवढं काय? डुक्कर तर होतं."
"फोटोखाली तुझा मित्र लिहितोय, दुसरं पळालं म्हणून. त्याला गोळी लागली होती?"

"अंधार पडत होता, काकू. जेबीमधल्या हॉटेलात टेबल बुक केलं होतं."

टेबल.

आज सकाळी मिस्टर कोह यांचा फोन आला. दुसरं जनावर त्यांना नाल्यात सापडलं. जिवंत होतं. त्यांनीच शेवट केला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, आजही चढवला नाही. म्हणाले, "सॉरी हां मॅडम, गेट आता बंद. सगळ्यांना." त्यांच्या शेजाऱ्यालाही कोणीतरी फोटो दाखवलाय. तो म्हणाला, शिकारी सगळे सारखेच.

तेच काल माझ्या नातीनेही विचारलं.

समीरने मला टॅग केलं होतं आणि माझं अकाउंट तारा उघडून देते. नऊ वर्षांची आहे. तिने आधी टोपी ओळखली.
"आज्जी, व्हाय द पिग वेअरिंग आजोबाज हॅट?"
मग हळूच, "आजोबा ऑल्सो डू लाइक दॅट, इज इट?"
"नाही गं. कधीच नाही."
तिने पुन्हा फोटोकडे पाहिलं.
"बट हिज हॅट, वॉट." टोपी तर त्यांचीच ना, एवढंच तिचं म्हणणं.

समीर, माझ्या शब्दापेक्षा तुझा फोटो तिला खरा वाटतो. गणपतीतल्या बायकांना मी पुरून उरले. हिच्यापुढे हरले.

तेव्हा ऐक. फोटो डिलीट करायचा नाही. तिने तो पाहिलाय, आता पळवाट नको.
त्याच्याखाली, ताराला उद्देशून, लिहायचं. काका काय करायचे आणि तू काल काय केलंस. नाल्यातल्या जनावरासकट. पूर्ण वाक्यांत, मराठीत किंवा इंग्रजीत. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये अर्ध्या वाक्याला हातावर पट्टी मिळायची, आणि हसऱ्या पिवळ्या चेहऱ्यांना मी उत्तर मानत नाही.
टोपी परत आणून दे. धुवू नकोस. मी धुवेन.

मुदत पुढचा शनिवार, संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटं.

यशवंत, आज लिहायची तुझी श्रद्धांजली तोवर थांबवून ठेवली आहे. माग काढताना तासन्तास वाट पाहायची तुला सवय आहे.